गाळ कोण काढणार?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आपल्याकडची धानाची कापणी आटोपत आलेली असेल. या पानावर एरवी कायदा, आरोग्य, मजुरी, दारूबंदी असे आपले नेहमीचे विषय असतात. या वेळी मी कॉम्प्युटरवर लिहिणार आहे. कंटाळून पान उलटू नका. विषय वाटतो तसा यंत्राचा नाही. बायकांनी आपल्याकडे विश्वासाने ठेवलेल्या कागदांचा आहे.

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या एका बाईची सोमवारी न्यायालयात तारीख होती. तिचं गाव, तालुका काहीच सांगत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिने संरक्षणाचा अर्ज केला होता. तिच्या अंगावरच्या खुणांचे फोटो, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, नवऱ्याने मोबाइलवर पाठवलेले धमकीचे निरोप, हे सगळं केंद्रातल्या कॉम्प्युटरवर होतं. तिच्या स्वतःच्या मोबाइलमधले फोटो नवऱ्याने आधीच पुसले होते. म्हणजे आमच्याकडची प्रत हीच एकमेव प्रत.

आणि आम्ही शहाण्या बायकांनी नेमक्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी त्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवायला घेतली. 'तुमची आवृत्ती आता सांभाळली जात नाही, ताबडतोब बदला' अशी सूचना महिनाभर पडद्यावर येत होती. काम अर्ध्यावर असताना वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी, तिने दहा मिनिटांत मान टाकली. वीज आल्यावर यंत्र सुरू केलं तर पडद्यावर एकच ओळ, दुरुस्तीचं काम चालू आहे, थोड्या वेळाने या. ती ओळ शनिवारी होती, रविवारी होती, सोमवारी सकाळीही होती. बाई पहिल्या एस.टी.ने आली आणि दारातूनच तिने विचारलं, "ताई, माहे कागद तं सापडतीन ना?"

वकीलबाईंनी पुढची तारीख मागून घेतली. ती पाच आठवड्यांनंतरची मिळाली. फोटो अकराव्या दिवशी सापडले. पुसले गेले नव्हते, यंत्रातच होते, फक्त दार उघडत नव्हतं. पण ते पाच आठवडे तिने भावाच्या घरी, भावजयीचं तोंड बघत काढले, हे मला विसरता येत नाही. त्या सॉफ्टवेअरचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक आमची होती. तारखेच्या तोंडावर दुरुस्ती काढायची नसते, हे घर सारवणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं.

पण मग हा खटाटोप मुळात केलाच कशाला, असं तुमच्यातल्या कितीतरी जणी विचारतील. कपाटात फायली होत्या, त्या काय वाईट होत्या?

वाईट नव्हत्या. पण करोनाच्या काळात, २०२० साली, कपाट भंडाऱ्यात आणि आम्ही आपापल्या गावी अडकलो. साकोलीची कार्यकर्ती फोनवर विचारायची की अमक्या बाईचा पत्ता काय, आणि इकडे कपाटाला कुलूप. तेव्हा आम्ही सगळ्यांनी केलं तेच केलं. एका मोठ्या कंपनीच्या मोफत जागेत कागदांचे फोटो चढवले. सोय झाली. मग एक दिवस एका कार्यकर्तीचा मुलगा आईच्या मोबाइलवर गेम खेळताना फोटो चाळायला लागला आणि एका बाईच्या पाठीवरचे वळ त्याच्यासमोर आले. नऊ वर्षांचं पोर. ते घाबरलं ते घाबरलंच, पण आम्हीही हादरलो. बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. आधी भारतीय दंड विधानात कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ७२ आहे. वर्तमानपत्रांना हे कलम आम्ही तावातावाने ऐकवत आलो आहोत. आणि आमच्याच मोबाइलमध्ये काय चाललं होतं!

तेव्हा ठरलं की कागद आपल्याच खोलीत, आपल्याच यंत्रात राहतील, पण साकोली, तुमसर, पवनीच्या कार्यकर्तींना आपापल्या ठिकाणाहून, त्यांच्यापुरतेच, बघता येतील. यालाच क्लाउड म्हणतात. नाव ढगाचं असलं तरी आकाशात काही नसतं. ते कोणाचं तरी यंत्र असतं, कोणाच्या तरी खोलीत, कोणाच्या तरी विजेवर चालणारं. प्रश्न एवढाच की ती खोली कोणाची आणि किल्ली कोणाकडे.

स्वतःचा असा ढग करता येतो, आणि फुकट करता येतो. 'मुक्तस्रोत' सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची पाककृती उघडी आहे. कोणीही घ्यावं, वापरावं, आत डोकावून बघावं, बदलावं. २०१० साली ओनक्लाउड नावाचं असं सॉफ्टवेअर निघालं. त्याच्या मूळ कर्त्याने, जर्मनीच्या फ्रँक कार्लिचेकने, २०१६ साली सोबतच्यांना घेऊन वेगळी चूल मांडली, ते नेक्स्टक्लाउड. आपल्या केंद्र सरकारनेही २०१५ साली सरकारी कामात मुक्तस्रोताला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. सरकारच्या क्लाउड योजनेचं नाव मेघराज, आणि सी-डॅकने केलेल्या मुक्तस्रोत क्लाउडचं नाव मेघदूत. रामटेक आपल्या शेजारी, त्यामुळे या नावाचं आम्हाला जरा जास्तच कौतुक वाटलं.

मी नागपूरला एम.एस.डब्ल्यू. करत असताना 'जे लोकांचं ते लोकांनी चालवावं' हे आमच्या मनावर इतकं ठसलेलं होतं की मुक्तस्रोत म्हटल्यावर मला वाटलं, हे तर आपलंच काम. तत्त्व आजही आपलंच वाटतं. पण तत्त्व बसवायला गेल्यावर काय होतं ते ऐका.

हे सॉफ्टवेअर एकटं येत नाही. त्याच्याखाली कॉम्प्युटरची मूळ प्रणाली लागते, तिच्यावर पीएचपी नावाची एक भाषा लागते, माहिती साठवायला आणखी एक व्यवस्था लागते. प्रत्येकाचं वय वेगळं, प्रत्येकाचा बदलण्याचा वेग वेगळा. नेक्स्टक्लाउडचंच उदाहरण घेऊ, कारण त्यांचे नियम जाहीर आहेत. वर्षाला साधारण तीन मोठ्या आवृत्त्या येतात आणि एक आवृत्ती वर्षभर सांभाळली जाते. मधली पायरी गाळता येत नाही. २३ वरून २९ वर जायचं तर आधी २४, मग २५, अशा सहा चढण्या चढाव्या लागतात. २५ पर्यंत पीएचपीची ७.४ ही आवृत्ती चालते, २६ ला चालत नाही. ती ७.४ ज्या उबुंटू २०.०४ बरोबर येते ती प्रणाली मग आधी बदला. ते सगळं करून वर पोचलात की पुढच्या एका आवृत्तीला पुन्हा पीएचपी ८.१ चालत नाही. म्हणजे खालचं जोतं पुन्हा बदला. दीड-दोन वर्षं दुर्लक्ष झालं की जिना असा उंच होऊन बसतो.

मदतीला माहितीपत्रकं खूप आहेत, पण ती लिहिणाऱ्याच्या त्या दिवसाची असतात. तीन वर्षांपूर्वीचा लेख समोर ठेवून आपण एकेक ओळ टाइप करतो, अकराव्या ओळीला यंत्र म्हणतं, अशी फाइल नाही. का नाही? कारण मधल्या आवृत्तीत तिची जागा बदलली. चूक तुमची नाही, लेखाचीही नाही. पण हे कळेपर्यंत रात्रीचे दोन वाजतात, आणि तोवर आपण आपल्यालाच मूर्ख ठरवलेलं असतं. मराठीत तर पुढच्या आवृत्तीपर्यंत टिकेल असा एकही लेख आम्हाला सापडला नाही.

हे फक्त आमच्यासारख्यांचं रडगाणं आहे असं समजू नका. ओपनस्टॅक नावाचं फार मोठं मुक्तस्रोत क्लाउड सॉफ्टवेअर आहे. २०१० साली अमेरिकेची अंतराळ संस्था नासा आणि रॅकस्पेस ही कंपनी यांनी ते सुरू केलं. स्वित्झर्लंडमधली सर्न ही अणुसंशोधन संस्था ते वापरते. ते एक सॉफ्टवेअर नसून कुटुंब आहे. नोव्हा, कीस्टोन, ग्लान्स, सिंडर, न्यूट्रॉन असे अनेक तुकडे, प्रत्येकाची मांडणी वेगळी, आणि सगळ्यांचं एकमेकांशी जमवून द्यावं लागतं. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती. न्यूट्रॉनचं नाव आधी क्वांटम होतं. ते नाव दुसऱ्या कंपनीचं निघालं म्हणून २०१३ मध्ये बदललं. त्या वर्षी जुनं पुस्तक घेऊन बसलेल्याची काय गत झाली असेल ती मी ओळखू शकते. हे सॉफ्टवेअर फुकट, पण ते बसवून आणि सांभाळून देण्याचे पैसे घेणाऱ्या कंपन्या निघाल्या. दर सहा महिन्यांची चढण मोठमोठ्या संस्थांनाही झेपेना, तेव्हा २०२३ च्या पहिल्या आवृत्तीपासून मधली एक पायरी गाळून वर्षाने चढण्याची रीतसर सोय झाली. मोठ्यांचं दुखणं वेशीला टांगलं गेलं म्हणून ऐकलं गेलं, एवढाच त्याचा अर्थ.

मग बदलूच नये, जुनंच चालवावं? तसं करता येत नाही. जुन्या आवृत्तीतली भोकं जगाला माहीत झालेली असतात. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधलं 'हार्टब्लीड' नावाचं भोक उघडकीला आलं. जगातल्या असंख्य वेबसाइटींचं कुलूप त्यावर चाललेलं होतं. आणि ते कुलूप सांभाळायला पूर्ण वेळचा माणूस एक. वर्षाला देणग्या यायच्या सुमारे २००० डॉलर. सगळ्या जगाच्या पेढ्या, दुकानं, सरकारं त्या एका माणसाच्या जिवावर झोपत होती.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. स्वयंपाक रोज होतो म्हणून तो कोण करतं हे कोणी विचारत नाही, ज्या दिवशी होत नाही त्या दिवशी विचारतात. नवं घर बांधणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं, त्या घराचा केर काढणारीचं लागत नाही. सॉफ्टवेअरच्या जगातही नव्या सोयीचं कौतुक होतं आणि जुनी भोकं बुजवणाऱ्याला कोणी ओळखत नाही. तिथे बहुतेक पुरुषच आहेत, पण काम मात्र बायकांचंच वाट्याला आलेलं दिसतं. आम्हाला हव्या त्या वेगाने बदला, हळू चाला, असं त्या फुकट राबणाऱ्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? हा पेच मला अजून सुटलेला नाही.

आपल्या जिल्ह्यात या पेचाचं एक जुनं रूप आहे. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी पाळी घालून बांधलेले, आणि त्यांच्याच जिवावर भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. तलाव कसा बांधायचा याचं कसब मोठंच होतं, पण तो टिकला ते दरवर्षी पाळ बघण्यामुळे, गाळ काढण्यामुळे. मालगुजारीचा अन्याय मी विसरत नाही. ती गेली ते बरंच झालं. १९५० च्या कायद्याने ती संपली, तलाव सरकारकडे गेले, लोकांचा वापराचा हक्क राहिला. पण गाळ काढणं कोणाचं काम, हे नीट ठरलंच नाही. गाव म्हणालं सरकारचं, सरकार म्हणालं निधी नाही. तलाव सगळ्यांचा, पाणी सगळ्यांचं, गाळ कोणाचाच नाही. कितीतरी तलाव आज निम्मेअधिक भरून आले आहेत.

आमचा कॉम्प्युटर असाच मामा तलाव झाला होता. २०२१ मध्ये पॉलिटेक्निकमधल्या एका मुलाने तो हौसेने उभा करून दिला. फोटो काढले, पेढे वाटले. पुढच्या वर्षी त्याला पुण्याला नोकरी लागली. त्यानंतर दीड वर्ष त्या यंत्राकडे कोणी बघितलं नाही. देणगी देणाऱ्या संस्थांच्या अर्जात 'यंत्रखरेदी' असा रकाना असतो. 'देखभाल' असा रकाना मी तरी पाहिलेला नाही.

शेवटी ते दार उघडलं कोणी? आमच्याच एका बिडी कामगार कार्यकर्तीच्या मुलीने. तिने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आहे आणि तेव्हा ती घरी बसून होती, कारण 'मुलीला नागपूरला एकटीला कसं ठेवायचं'. आम्ही अकरा दिवस इकडेतिकडे 'कोणी मुलगा आहे का' विचारत फिरलो. स्त्रीमुक्तीवाल्या आम्ही! मुलगी रोज आईला डबा द्यायला केंद्रात येत होती. तिने आधी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढली, आणि मगच हात लावला. त्या एका गोष्टीवरून मला कळलं की ही काम जाणते.

अंगणवाडीच्या ताई आमच्या केंद्रात येतात, त्यांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुमचं तुम्ही निवडलेलं तरी आहे. खरं आहे. त्यांच्या हातात २०१९ मध्ये सरकारी मोबाइल आले. तेव्हाचं सॉफ्टवेअर कॉमकेअर या मुक्तस्रोत व्यवस्थेवर उभं होतं. ते शिकून होतं तोच २०२१ च्या मार्चमध्ये पोषण ट्रॅकर आला, इंग्रजीत, आणि दोन जीबीच्या त्या मोबाइलला तो पेलेना. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत केले. तो आपल्या चळवळीतला एक मोठा प्रसंग होता असं मी मानते, त्याची हवी तेवढी दखल आपणही घेतली नाही. आता जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या आहारासाठी चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली आहे. सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असो की सरकारी, ते बदलण्याचा दिवस ठरवताना वापरणाऱ्या बाईला विचारत नाहीत, हा अनुभव दोन्हीकडे एकच. फरक एवढाच की मुक्तस्रोतात आपण निदान आत डोकावू शकतो आणि नको ती आवृत्ती थोडे दिवस लांबवू शकतो. तेवढ्यासाठीच मी अजून त्याच बाजूची आहे.

गेल्या बैठकीत यावर दोन तास भांडण झालं. काही जणींचं म्हणणं, हे सोडा, कपाटाकडे परत चला. एकीने सरळ विचारलं, यात जो वेळ गेला त्यात किती गावं फिरून झाली असती? उत्तर माझ्याकडे नव्हतं. ठरलं ते असं. ज्या बाईची तारीख लागलेली आहे तिच्या कागदांची छापील प्रत कपाटात राहील, फोटोंसकट. प्रत दर शनिवारी दुसऱ्या डिस्कवर निघेल आणि ती डिस्क दुसऱ्या घरी राहील. त्या मुलीला महिन्याचं मानधन मिळेल. ते कमी आहे, पण 'सेवा' म्हणून फुकट नाही. ती करते त्या प्रत्येक चढणीची टिपण मराठीत एका वहीत लिहिते आणि वर तारीख व आवृत्तीचा आकडा टाकते, म्हणजे पुढच्या वर्षी वाचणारीला कळेल की हे किती शिळं आहे. गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या ज्या मैत्रिणींच्या संस्थांकडे असंच यंत्र धूळ खात पडलं असेल, त्यांनी कळवावं. चार संस्थांनी मिळून एक यंत्र आणि एक पगारी बाई ठेवली तर खर्च वाटला जाईल, आणि वहीही एकच पुरेल. देणगीदारांना आम्ही पत्र लिहिलं आहे की यंत्र नको, देखभालीचे तीन वर्षांचे पैसे द्या. एकाचं उत्तर आलं, 'आमच्या चौकटीत बसत नाही'. दुसऱ्याची वाट बघतो आहोत.

त्या बाईला संरक्षणाचा आदेश मिळाला. ती आता शिवणकाम करते. मधे केंद्रात आली तेव्हा यंत्राकडे बोट दाखवून म्हणाली, "याले उन्हाळ्यात पंखा लावत जा."

पुढची आवृत्ती डिसेंबरात चढवायची आहे. मंगळवारी सकाळी, शुक्रवारी संध्याकाळी नाही. इन्व्हर्टरला नवी बॅटरी घेतली आहे, आणि त्या आठवड्यात आपल्या एकाही बाईची तारीख नाही हे डायरीत दोनदा बघून ठेवलं आहे.